सुबाभळीचा पाला

सोमवार, सकाळ

प्रिय ताई,

मालकांच्या मुलीनं चाऱ्याच्या शेडची किल्ली माझ्याकडून मागून घेतली आणि होणाऱ्या नवऱ्याच्या हातात ठेवली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. नमस्कार मागाहून लिहितोय म्हणून रागावू नकोस. भाऊजींची कंबर कशी आहे? छोटी बोलायला लागली का?

कॉलेज सोडून काय दिवे लावलेस, असं तू विचारलंस. तिच्या बाबांच्या शेळ्यांसाठी मी सुबाभळीचा चारा केला. आधी सगळे हसले. म्हणाले, आज जळणाचं झाड चारतोय, उद्या खुर्च्या चारेल. मी पाला तोडला, खडखडीत वाळवला, काड्या चाळून काढल्या, तीन भाग गवतात एक भाग पाला मिसळला. दूध वाढलं. हसणारेच चहाला बोलवू लागले. ती संध्याकाळी चाळणी धरायला यायची आणि केसांत पाल्याचा चुरा घेऊन घरी जायची. मी त्यालाच होकार समजलो. गाढव मी.

नवरा मुलगा पदवीवाला आहे. शेड आता तोच बघणार. तिचे बाबा म्हणाले, जाण्याआधी याला सगळं शिकव. शिकवलं, ताई. तोडणी, वाळवण, चाळणी, अगदी हाताला धरून.

काल त्यानं तिला विचारलं, पाला एवढा कसदार आहे तर गवत मिसळायचंच कशाला?

सुबाभळीत विष असतं. वाळवून कमी होतं, जात नाही. रोज नुसता पाला घातला की शेळ्यांचे केस गळतात, गळे सुजतात, गाभण शेळी गाभ टाकते. एक करडू गमावून मी हे शिकलो. त्या घरात दुसऱ्या कुणाला माहीत नाही.

ती त्याला म्हणाली, "यालाच विचारा. हा माझ्याशी कधी खोटं बोलत नाही."

मी म्हणालो, "नुसता पालाही चालेल की."

त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

आज गव्हाणीत नुसता पाला पडलाय. शेळ्या तुटून पडल्यात, तिची लाडकी पांढरी सगळ्यांत पुढे. पांढरी गाभण आहे. ती पांढरीच्या मानेवरून हात फिरवतेय, खिडकीतून मला दिसतंय. एक हाक मारली तरी पुरे.

मुक्या जनावरांनी तुझं काय घोडं मारलं, असं तू म्हणशील. काही नाही. म्हणून तर हे तुला लिहितोय, तिला नाही.

पिशवी खांद्यावर आहे. मी हाक मारणार नाही. निघालो, दार लावून घेतो.

तू अजून म्हणत असशील तर,
तुझा भाऊ