शेवटच्या पेपराला उघडलेलं दार

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, धंदा शिवणकाम, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्या दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. माझी एकुलती एक मुलगी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने फोनवर बजावलं, "आई, काय आणि कोणाला, एवढंच लिही. का ते लिहू नकोस, त्यावरूनच लोक भांडतात." तिचं ऐकायचा प्रयत्न करते.

१. दुकान आणि मागची खोली मुलीला. विकायची तर खुशाल विकावी.

२. पायमशीन आणि मोठी कात्री माझ्याकडे काज-बटणं करणाऱ्या ताईंना. त्या कात्रीने कागद कापू नये, हे त्यांना शंभरदा सांगून झालंय.

३. थोरल्या भावाला काही नाही. मुलगी पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली आणि तिने घरूनच ऑनलाइन शाळा धरली, तेव्हा "ही कसली शाळा, ही तर भातुकली," असं तो चारचौघांत म्हणाला होता. त्याची विजार शिवून तयार आहे, ती तेवढी न्यावी.

४. बँकेतली ठेव मुलीला. इथे मात्र 'का' लिहावंच लागेल.

चार वर्षं ती मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर आणि मी पुढे मशीनवर. ती धडे मोठ्याने वाचायची, मी शिवता शिवता ऐकायचे. नवरा गेल्यावर घरात तेवढाच आवाज होता. मग पाठ बरी झाली आणि शेवटच्या परीक्षेनंतर तिने दूरच्या कॉलेजात जायचं ठरलं. परीक्षा कॅमेऱ्यासमोर होती. खोलीत दुसरं माणूस दिसलं की पेपर रद्द. तशी चिठ्ठी तिने दारावर चिकटवली होती, मला दोनदा समजावलंही होतं. शेवटच्या पेपराला मी चहा घेऊन आत गेले. पेपर रद्द झाला, वर्ष वाया गेलं. "विसरलेच गं मी," म्हणून मी रडले आणि तिनेच माझी समजूत काढली.

मी विसरले नव्हते.

पुढच्या वर्षी ती पास झाली, पण त्या कॉलेजातली जागा हातची गेली होती. इथेच राहून इतिहासाची पदवी, मग पाच वर्षं वाचनालयात कारकुनी आणि आता तिशीच्या तोंडावर कायदा. धडे मोठ्याने वाचणं तिने तेव्हाच सोडलं. हे सगळं माझ्यामुळे झालं. मला त्याचं फार वाईट वाटतं, आणि तिच्यासमोर बोलायची हिंमत कधीच झाली नाही.

५. हे पाकीट माझ्या मागे उघडावं.

सहीआधी हे दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवलं. शेजारच्या चष्म्यांच्या दुकानातल्या भावजींनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "वहिनी, तिला माहीत आहे. परीक्षावाल्यांनी तिला चित्रण पाठवलं होतं. माझ्याच दुकानात बसून पाहिलं तिने. दार उघडून तुम्ही आधी कॅमेऱ्याकडे पाहिलंत, मग आत आलात."

ती काय म्हणाली, असं मी विचारलं.

"म्हणाली, आईला सांगू नका."

कलम ५ रद्द. पाकीट चिकटवलेलं नाही. रविवारी मुलगी घरी येणार आहे, तेव्हा हे मी तिला स्वतः वाचून दाखवणार आहे.

सही: शिवणकामवाली, तिची आई
साक्षीदार: १. शेजारचे चष्मेवाले २. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई
स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: ९ मार्च, गुरुवार