बरं आहे म्हणणाऱ्याला पुन्हा विचारावे

मी, खाली सही करणार, आईचा थोरला मुलगा, धंदा सध्या वेल्डिंग, शिक्षण चौथी (पाचवीचा वर्ग बाहेरूनच पाहिला), पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. दंडाला गुंडाळतात त्या पट्ट्याचा सोडला, तर माझ्यावर कोणाचाही दाब नाही. उद्या माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. परदेशातले डॉक्टर स्वतःची रजा टाकून आलेत, पैसे घेत नाहीत. वाचलो तर हा कागद मीच फाडीन.

कलम १. स्थावर मालमत्ता नाही. मीच कधी स्थावर नव्हतो. रंगकाम केलं, फरशी बसवली, ट्रकवर क्लीनर झालो, मग इतक्या लांब आलो. आई म्हणते, पायाला भिंगरी आहे मेल्याच्या.

कलम २. जंगम. साठवलेले सगळे पैसे आईचे. तिने आधी मोतीबिंदू काढून घ्यावा. ‘आता मला काय बघायचंय’ असं म्हणू नये. वेल्डिंगचा मुखवटा आणि हातमोजे खोलीतल्या जोडीदाराला. तसेही तो न विचारता वापरतोच.

कलम ३. आमच्या जिन्याच्या मधल्या वळणावर एक स्टूल आहे. ते धाकटीचं, म्हणजे माझ्या बहिणीचं. पाण्याची बादली घेऊन वर येताना ती तिथे टेकायची. काका म्हणायचे, ‘नुसती नाटकं! या वयात आम्ही दोन-दोन बादल्या पळत न्यायचो.’ ते स्टूल मी काकांना देतो. आता त्यांनाही जिना जड जातो. त्यांनी खुशाल बसावं, कोणी त्यांना नाटकी म्हणू नये. बसल्यावर तिची आठवण काढावी, एवढंच.

कलम ४. हे देणं नाही, सांगणं आहे.

लहानपणी आम्हा दोघांना एकदमच घसा धरून ताप आला, सांधे सुजले. ताप गेला, पण जाताना दोघांच्या झडपा नासवून गेला, हे मला आत्ता इथे कळलं. मागे हीच डॉक्टर मंडळी आमच्या वस्तीतल्या शाळेत आली होती. आई धाकटीला घेऊन गेली. दारात एकजण विचारायचा, ‘कसं वाटतं?’ त्रास सांगेल त्याला हृदय तपासायच्या मशीनकडे, बाकीच्यांना ताकदीच्या गोळ्या. धाकटी म्हणाली, ‘बरं आहे.’ दुभाष्याने ते जसंच्या तसं सांगितलं. तिला गोळ्या मिळाल्या.

आपण बरं कधी म्हणत नाही? ताप असला तरी बरं, पोटात काही नसलं तरी बरं. पाहुण्यापुढे दुसरं काय म्हणायचं? मलाही फोनवर ती तेच म्हणायची. ‘बरं आहे रे दादा. तू जेवलास का?’

दोष कोणाचाच नाही. थोरल्या डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला तो बराच वेळ घातला नाही.

मी परांचीवर भोवळ येऊन बसलो, तेव्हा मुकादमांनी बखोटीला धरून इथल्या शिबिरात आणलं. इथेही विचारलं, ‘कसं वाटतं?’ माझ्या तोंडून काय यावं? ‘बरं आहे.’ मुकादम खेकसले, ‘बऱ्याच्या लेका, ओठ बघ तुझे, शाई प्यायल्यासारखे!’ म्हणून मी मशीनपर्यंत पोचलो. धाकटीजवळ मुकादम नव्हते.

म्हणून माझी इच्छा अशी की, या डॉक्टर मंडळींनी आमच्याकडच्या माणसाला ‘कसं वाटतं’ विचारू नये. ‘जिन्यात कुठे थांबतेस’ असं विचारावं. धाकटी लबाड नव्हती. तिने सांगितलं असतं, ‘मधल्या वळणावर. स्टूल आहे ना, तिथे.’

कलम ५. मी गेलो तर आईला सरळ सांगावं. मला फोन आला होता, ‘धाकटीची तब्येत जास्त आहे, निघून ये.’ ती तेव्हा गेलेली होती. वाटेत मी तिच्यासाठी मऊ चपला घेतल्या, चांगली घासाघीस करून. आईवर अशी वेळ आणू नका.

कलम ६. त्या चपला माझ्या ट्रंकेत आहेत, कागदात गुंडाळलेल्या. ही मंडळी ज्या पोरींना बऱ्या करतील, त्यांतली जिच्या पायाला बसतील तिला द्याव्यात. तिने त्या घालून एक जिना चढावा. मधे थांबू नये.

ता. क. सही करणार तेवढ्यात थोरल्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आमची भाषा थोडी शिकून घेतली आहे. म्हणाल्या, ‘कसा वाटते?’ मी म्हणालो, ‘बरं आहे.’ त्या गेल्या नाहीत. खाटेवर बसल्या, पुन्हा विचारलं. मी म्हणालो, ‘भीती वाटते. आणि बहिणीची आठवण येते.’ हे दोन्ही साक्षीदारांनी ऐकलं आहे. या गोष्टीलाही त्यांची साक्ष धरावी.

सही: भिंगरी

साक्षीदार: १. मुकादम (सही)
२. मेसचा आचारी (अंगठा. पिठाचा आहे, पण त्याचाच आहे.)

स्थळ: पुरुष विभाग, खिडकीजवळची खाट
तारीख: ऑपरेशनचा आदला दिवस