फिल्टर बसल्यावर निघतो

२ फेब्रुवारी, रविवार
ताईचा फोन. तिचं घर विकलं गेलं. भाऊजींना जाऊन वर्ष झालं, एकटीनं कशाला राहायचं म्हणून आता कायमची आमच्याकडे येतेय. घराची किल्ली १ मार्चला द्यायची. सामान टेम्पोतून येईल, पण मला न्यायला तू ये म्हणाली. चाळीस वर्षं राहिलेल्या घरातून परक्या माणसाबरोबर निघायला नको वाटतं. मी म्हटलं, ताई, हे सांगायला हवं का? दोनशे दहा किलोमीटर म्हणजे काय, सरळ हायवे आहे. पंधरा तारीख पक्की.
फोन ठेवल्यावर बायको माझ्याकडे नुसती बघत राहिली. कौतुकानं असावं.

३ फेब्रुवारी
ऑफिसात लंच टाइममध्ये लांबच्या प्रवासाची तयारी यावर वाचन. लक्षात आलं की सगळा खेळ ऑइल फिल्टरचा आहे. तेलातला कचरा तो अडवतो. तो बोगस निघाला तर इंजिन भर हायवेवर जाम. आणि शेजारी ताई बसलेली.
निर्णय: आधी फिल्टर, मग प्रवास. खरेदी विभागात बावीस वर्षं काढली आहेत. टाचणीपासून पंपापर्यंत मला कुणी गंडवलेलं नाही.

५ फेब्रुवारी
मेकॅनिककडे गेलो. त्यानं बॉनेट उघडलं, तेलाची पट्टी काढून पुसली, परत घालून बघितली. तेल एकदम स्वच्छ आहे म्हणाला. मागच्या सर्व्हिसिंगला फिल्टर बदललाय आणि त्यानंतर गाडी तीनशे चाळीस किलोमीटर चाललीय. डोळे झाकून जा.
हायवेवर डोळे झाकून जा म्हणणारा माणूस. याच्या मतावर किती विसंबायचं?

८ फेब्रुवारी
स्पेअर पार्ट्सच्या दुकानात दीड तास. आपल्या गाडीला तीन कंपन्यांचे फिल्टर बसतात. दुकानदार म्हणाला, तिन्ही चांगले, कुठलाही न्या. असं बोलणाऱ्या दुकानदारापासून सावध राहावं. तिन्ही आणले.

९ फेब्रुवारी, रविवार
स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिन्ही फिल्टरचं वजन केलं. पत्र्याची जाडी, रबरी रिंगचा मऊपणा, आतला व्हॉल्व्ह, सगळ्याचा तक्ता केला. लाल, निळा, काळा. मुलीनं विचारलं, बाबा, आत्याला आणायचंय की फिल्टरला? आजच्या पिढीला प्रोसिजरचं महत्त्व नाही. बायकोला कणीक मोजायला काटा हवा होता, तिला थांबायला लावलं.

१२ फेब्रुवारी
बाहेरून बघून कळत नाही. आतल्या कागदाच्या घड्या मोजायला हव्यात. करवतीनं तिन्ही कापले. लाल ४६, काळा ४९, निळा ५८. निळा निर्विवाद सर्वोत्तम!

१२ फेब्रुवारी, थोड्या वेळानं
निळा कापलेला आहे.
दुकानदाराला फोन. दुसरा निळा पुढच्या आठवड्यात येईल. ताईला बावीस तारीख कळवली. ती म्हणाली, बरं झालं, भांडी बांधायची राहिलीच आहेत.

१६ फेब्रुवारी, रविवार, सकाळी साडेसहा
ट्रायल घ्यायची म्हणून एकटा निघालो. जिथून हायवे सुरू होतो त्या सर्कलपर्यंत गेलो. बाजूनं दोन ट्रक गेले. इंजिनमधून बारीकसा आवाज आला, किंवा येईल असं वाटलं. ऑइल प्रेशर असणार. सर्कलला पूर्ण वळसा घालून परत. एकूण सहा किलोमीटर. स्टिअरिंगचं कव्हर निकृष्ट आहे, तळहातांना फार घाम येतो.
गाडी जुन्या फिल्टरवर न्यायची नाही हा निर्णय किती योग्य होता, ते सिद्ध झालं.

१९ फेब्रुवारी
निळा आला. डब्यावरचं लेबल किंचित तिरकं. डुप्लिकेट असू शकतो. परत केला. दुकानदारानं कपाळावर हात मारला. चोरी पकडली गेली की माणसं असंच करतात.

२१ फेब्रुवारी
संध्याकाळी भाजी चिरता चिरता बायको म्हणाली की गाडीला काहीही झालेलं नाही. तुम्हाला हायवेची भीती वाटते, तेवढं एकदा ताईंना सांगून टाका. त्या रागावणार नाहीत, आपण दुसरी गाडी ठरवू, ड्रायव्हरसकट. मी शांतपणे तिला फिल्टरमधला व्हॉल्व्ह समजावून सांगितला. तेल घट्ट असलं की तो कसा उघडतो, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं, गॅस बंद केला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.
विषय क्लिष्ट आहे खरा.

२२ फेब्रुवारी
ताईला फोन करून १ मार्च सांगितलं. तिनं विचारलं, फिल्टर म्हणजे काय असतं रे? वीस मिनिटं समजावलं. मध्ये एकदाही तोडलं नाही तिनं. शेवटी म्हणाली, जेवलास का?

२६ फेब्रुवारी
सरळ लेबलवाला निळा मिळाला! मेकॅनिकनं अकरा मिनिटांत बसवला. घाई केली, पण मी शेजारी उभा होतो. जुना फिल्टर हातात देऊन म्हणाला, हा अजून नवाच होता हो. आता काय? मी म्हटलं, शनिवारी पहाटे पाचला निघणार. ताईलाही कळवलं. बरं म्हणाली.

१ मार्च, पहाटे ४.५०
चहाचा थर्मास, पाण्याच्या दोन बाटल्या, नकाशा. मन अगदी शांत.

५.२५
गाडीत बसलोय. बेल्ट लावलाय. इंजिन थोडं गरम होऊ द्यावं.

६.१०
इंजिन बंद केलं. अंधार आहे अजून.

६.५०
उजेड झाला, पण ऊन थेट डोळ्यांवर येणार. थर्मास संपला.

७.३०
वर आलो. बायकोनं पोहे पुढे ठेवले. ताईला फोन लावला. मागे घरघर ऐकू येत होती. ती टेम्पोत बसली होती, सहा वाजताच निघाली. ड्रायव्हर भला माणूस आहे म्हणाली, खिडकीजवळची जागा दिलीय. टेम्पोवाल्याला तिनं बावीस तारखेलाच सांगून ठेवलं होतं, एक माणूस पण येईल म्हणून.
बावीस तारखेला तर मी तिला फिल्टर समजावत होतो.

१ मार्च, दुपार
ताई आली. टेम्पोची पायरी उंच होती. ड्रायव्हरनं एक हात धरला, दुसरा धरायला मी पुढे झालो, तोवर ती उतरली होती. केसांत धूळ. मला म्हणाली, वाळलास रे.

२ मार्च, रविवार
सकाळी ताई म्हणाली, तुझी गाडी दाखव. खाली घेऊन गेलो. ती पुढच्या सीटवर बसली, बेल्ट लावून घेतला, मांडीवर पर्स ठेवली. सुरू कर म्हणाली. केली. समोर पार्किंगची भिंत. दोघं दहा मिनिटं भिंतीकडे बघत बसलो. आवाज चांगला येतोय ना, तिनं विचारलं. मी म्हटलं, उत्तम. ती म्हणाली, एवढ्या वर्षांत आम्ही तुझ्याकडे गाडीनं कधी आलो नाही, आठवतंय? तुझ्या भाऊजींचं दर वेळी टायरचं काहीतरी असायचं.
मग बेल्ट सोडून ती वर गेली.
मी आणखी थोडा वेळ बसलो. उतरल्यावर चारही टायर बघितले. पुढचा डावा जरा शंकास्पद वाटतो.