पहिला खंड सुतळीला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, रसायनशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. स्मरणशक्ती शाबूत आहे. नको तेवढी शाबूत आहे, असे सूनबाईचे म्हणणे.

१. राहते घर मुलगा आणि सून यांना समसमान. बँकेतील ठेवी मात्र एकट्या सुनेच्या. मुलाने रुसू नये. गुडघ्याच्या ऑपरेशनानंतर चार महिने माझ्या पायांत मोजे कोणी चढवले, हे त्याला ठाऊक आहे.

२. कै. यजमानांचा पितळी बर्नर, चिमटे व काच कापायची हत्यारे कॉलेजच्या काचकाम विभागाला. आमच्या यंत्रात लागणाऱ्या बारीक काचनळ्या ते करत. केसाएवढी वाकडी नळीही मी परत पाठवत असे. सातव्यांदा परत गेल्यावर ते स्वतःच आले. "बाई, खोट नळीत आहे की माझ्यात, एकदा सांगून टाका." पुढे आमचे लग्न झाले.

३. पुस्तके एकूण एकेचाळीस; सगळी एनएमआर, म्हणजे चुंबकाने रेणू तपासण्याची पद्धत, आणि पदार्थांच्या पृथक्करणावरची. मुलगा म्हणतो, "आई, हे सगळं आता संगणकावर मिळतं." मिळत असेल. त्यांपैकी चाळीस विभागाच्या ग्रंथालयाला द्यावीत. समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी खोडू नयेत. त्यांत माझी तरुणपणाची सगळी वर्षे आहेत.

४. एकेचाळिसावे पुस्तक म्हणजे दोन खंडांच्या संचातला पहिला खंड. विभागप्रमुखांनी निवृत्त होताना पहिला मला दिला आणि दुसरा माझ्या मैत्रिणीला. "भांडू नका, आलटून पालटून वाचा," म्हणाले. मैत्रीण इतकी काटकुळी, की सगळे तिला सुतळी म्हणत. चौदा वर्षे आम्ही दर महिन्याला खंड बदलत होतो.

आमचे काम असे: पदार्थाची नळी मोठ्या चुंबकात ठेवली की कागदावर शिखरे उमटत. त्यांवरून रेणूत कोणता अणू कोणाच्या शेजारी बसलाय, ते ओळखायचे. सुतळीने पाच वर्षे खपून एका झाडाच्या सालीतून नवा पदार्थ वेगळा केला, त्याची रचना मांडली. तिच्या आलेखात एक बारके शिखर जास्तीचे होते. तिला तो द्रावकातला कचरा वाटला. मी ताज्या द्रावकात, नव्या नळीत पुन्हा आलेख काढला. शिखर जागच्या जागी, म्हणजे ते पदार्थाचेच. रचना चुकली होती.

हे मी भर परिसंवादात, पाहुण्यांसमोर उभी राहून सांगितले. माझी वाहवा झाली. नंतर जिन्यात ती एवढेच म्हणाली, "माझ्या खोलीचं दार तुझ्यापासून तीन पावलांवर होतं गं."

त्यानंतर सव्वीस वर्षे अबोला. शिखराबाबत माझे बरोबर होते. बाकी सगळे चुकले. सबब, माझ्या पश्चात पहिला खंड सुतळीला द्यावा.

५. वरील कलम चारमधील देणगी रद्द. कारण असे: वकीलबाईंनी तिचा पत्ता मागितला म्हणून मी धीर करून फोन लावला. म्हटले, "मृत्युपत्रात तुझं नाव घालतेय." मला वाटले, आता फोन ठेवील.

"म्हणजे तू जायची वाट बघत बसू की काय?" ती म्हणाली. "गुरुवारी ये. पुस्तक घेऊनच ये."

गेले. दारातच तिने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. "अगं, आत तरी ये!" पुस्तक आता तिच्याकडे आहे, दुसरा खंड माझ्याकडे. ती आता लाभार्थी उरली नसल्याने साक्षीदार म्हणून तिची सही चालेल, असे वकीलबाईंनी सांगितले.

स्थळ: राहते घर, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: ३ ऑक्टोबर २०१९.

(सही) लिहून ठेवणारी

आमच्यासमक्ष सही झाली:

(सही) डॉक्टरीणबाई, शेजारच्या

(सही) सुतळी, निवृत्त संशोधिका. पेनाचे टोपण लावता लावता म्हणाली, "आता जायची घाई करू नकोस. दुसरा खंड फार जाड आहे."