थंड होताच वेगळा होणारा अर्क

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्याचे साष्टांग दंडवत.

आधी एक गंभीर तक्रार. प्रयोगशाळेतल्या बाई माझ्या चहाच्या चमच्याने जेल ढवळतात आणि वर विचारतात, "शास्त्रीबुवा, चहा कडू का लागतो हो तुम्हाला?"

बाकी क्षेम. तुझ्या पायाच्या जखमेसाठीचं जेल गरम असताना काचेसारखं नितळ दिसतं. थंड झालं की त्यातला औषधी मुळीचा अर्क वाळूसारखा वेगळा होतो. पाण्यात विरघळणं त्याला मान्यच नाही. स्पिरिट वाढवलं तर विरघळतो, पण जखमेची आग होईल.

पट्टी रोज बदलतेस ना? भावोजींनी कळवलंय, पायाचं बोट काळं पडलंय, तरी "भाऊ औषध करतोय" म्हणत तू इस्पितळ टाळतेस.

ताई, मला ते जमत नाहीये. माझ्या भरवशावर राहून तू पाय गमावशील, याची भीती वाटते. पत्र मिळताच इस्पितळात जा.

तुझा,
धाकटा