हा पीसी वर्कस्टेशन ठरला तर

२४ सप्टेंबर

मेल आला! पुण्याच्या कंपनीनं घेतलं मला. पुलांवरचे भार कॉम्प्युटरवर तपासायचं काम. पण खाली एक ओळ – घरी वर्कस्टेशन असेल तर घरूनच करा, नसेल तर पुण्याच्या ऑफिसात या.

थोरला भाऊ बसूअण्णा लगेच, "आपला पीसी हाय की! दुकानातला सगळ्यात भारी आणलाय. हितंच बस, अव्वाकडंबी लक्ष राहील."

झालं. नोकरी लागली तरी मी याच खोलीत. आजारी आईची, अव्वाची खाट, माझं टेबल, मधे जेमतेम उभं राहायला जागा.

२७ सप्टेंबर

अण्णाचं एकच – "वेगात कमी हाय का?" नाही ना! वेगात हा वर्कस्टेशनच्या तोडीस तोड आहे, तेच तर दुखणं. पण वर्कस्टेशन म्हणजे नुसता वेग नव्हे. दिवसभर पूर्ण ताकदीनं चालून अडखळायचं नाही, मेमरीतली चूक आपली आपण पकडायची. आमच्या पीसीत तसली मेमरी नाही. कंपनीला कळवलं, तर म्हणे, "आमची चाचणी सलग पूर्ण झाली की पुरे." एकदाच द्यायची. मधे थांबली की नापास.

३० सप्टेंबर

अव्वाला न्हाऊ घातलं. अर्धांगानंतर ती बोलत नाही, नुसती बघते. हा पीसी नापास व्हावा असं मला वाटतं. लिहितानाही लाज वाटते.

१ ऑक्टोबर

सकाळी चाचणी लावली. पंखे घोंघावतायत, पण मेलं काही बिघडतच नाही! दुपारपर्यंत बरीचशी पार पडली. म्हटलं, अडकले मी कायमची.

तेवढ्यात आमचे वडील, आप्पा, हळदकुंकू, झेंडू घेऊन आले. "खंडेनवमी हाय. आज यंत्र चालवत न्हाईत." मी तोंड उघडायच्या आत बटण दाबून बंद! वर विभूतीचे पट्टे ओढले. अण्णा लई ओरडला. आप्पा म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं?" मला हसू येत होतं, रडूही.

४ ऑक्टोबर

नापास. परवा पुण्यात हजर व्हायचं. "अव्वाचं कोण बघणार?" – अण्णा. आप्पा म्हणाले, "मी."

५ ऑक्टोबर

आप्पा अव्वाची वेणी घालायला शिकतायत. अण्णा बाहेर गेल्यावर विचारलं – खरंच कळलं नव्हतं तुम्हाला?

"कळलं हुतं की. तुझ्या अव्वानंच चांगल्या हाताचं बोट बटणाकडं केलं. बंद करेस्तवर बोट खाली घेतलं न्हाई तिनं."