ताईबरोबर फिरणारी पोरगी

कात्रप, बदलापूर
९ जून २०२४

चि. नरेंद्र व सौ. भावना यांस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

इकडे मी जिवंत आहे, त्यापलीकडे खुशाली नाही. जिभेच्या डाव्या कडेच्या जखमेला आमचा नाक्यावरचा डॉक्टर उष्णता म्हणत होता, ती कॅन्सर निघाली. उल्हासनगरच्या एका दवाखान्यात तुकडा काढून तपासला. डॉक्टर मुंबईला जा म्हणाले आणि त्यांनी पुढच्याला आत बोलावलं. मुंबईत कुठे, कोणाकडे, हे विचारेपर्यंत दार लागलंसुद्धा.

बाहेर संजीवनी नावाची एक पोरगी भेटली, अंबरनाथची. एका संस्थेने तिला कॅन्सरच्या पेशंटबरोबर फिरायला ठेवलंय. हुद्दा म्हणे पेशंट नॅव्हिगेटर, जसं काही मी गलबत आहे. मी तिला सांगितलं, बाई, बिस्किटाच्या कारखान्यात अख्खी नोकरी मी सुपरवायझरशी भांडण्यात घालवली, मला बोट धरून न्यायला कोणी लागत नाही. ती हसली आणि माझा नंबर घेऊन गेली. ओढणीला धड इस्त्री नाही आणि ही मला मुंबई दाखवणार.

तुझा सल्ला कळव. वैष्णवीच्या लग्नाची तयारी कुठवर आली? माया पातळ होऊ देऊ नका.

तुझी,
शीलाताई


नाशिक
१७ जून २०२४

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचून भावना रडली. मी रडलो नाही, घरात एकाचं तरी डोकं ठिकाणावर हवं. त्या पोरीला दारात उभी करू नकोस. असले दलाल मी विमा कंपनीत ढिगाने पाहिले. माझी बहीण फुकटच्या रांगेत, कोणा ओढणीवालीच्या मागे, हे लोकांनी पाहिलं तर काय म्हणतील? इथले मोठे डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत. लेकीचं लग्न पार पडलं की स्वतः गाडी घेऊन येतो आणि तुला इकडे आणतो. तोवर मिश्री लावणं बंद कर. लपवून लावतेस, हे मला ठाऊक आहे.

तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझा,
नरेंद्र


कात्रप, बदलापूर
२ सप्टेंबर २०२४

चि. नरेंद्र यास,
जयभीम. वि. वि.

लग्नाचे फोटो मिळाले. गाडीवर फुलं छान होती. ती गाडी माझ्या दाराशी मात्र आली नाही.

तुझ्या शब्दावर मी संजीवनीचे फोन उचलत नव्हते. शेवटी ती चार जिने चढून आली. मी दारातूनच तिला दलाल म्हटलं. ती म्हणाली, म्हणा काकू, पण जखम दाखवा. दाखवली. तिचा चेहरा पाहिला आणि मी चप्पल घातली.

फार हुशार आहे असं समजू नकोस. पहिल्याच दिवशी तिने मला भलत्याच इमारतीत बसवलं, दुपार फुकट गेली. मी शिव्या घातल्या, तिने ऐकून घेतल्या. पण माझं नाव रेशनकार्डावर एक आणि आधारवर दुसरं, त्यावरून सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत अडवलं, तेव्हा खेटे घालून तिनेच ते जुळवलं.

मुंबईचे डॉक्टर माझ्याकडे न बघता तिला म्हणाले, ह्या लोकांना जाग उशिराच येते, हिला सांग, जीभ कापावी लागेल. पोरगी म्हणाली, "सर, त्या इथेच बसल्यात. त्यांना सांगा."

मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि सगळं समजावलं. अर्धी जीभ जाईल. जूनमध्ये आले असते तर नुसत्या कडेवर भागलं असतं. हे तुला कळावं म्हणून मुद्दाम लिहिते.

गुरुवारी ऑपरेशन आहे. तू येऊ नकोस, इथे साहेबांना बसायला गादीच्या खुर्च्या नाहीत. भावनाला माझी आठवण सांग.

शीलाताई


नाशिक
५ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझी किरणांची ट्रीटमेंटही संपल्याचं भावनाकडून कळलं. समाधान वाटलं. परवा विहारात मी सर्वांना सांगितलं की आम्ही ताईवर मुंबईत उत्तम उपचार करवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता विश्रांतीला इकडे ये. त्या मुलीसाठी एक साडी पाठवतो.

राग धरू नये, ही विनंती.

तुझा,
नरेंद्र


कात्रप, बदलापूर
१४ जानेवारी २०२५

चि. नरेंद्र यास,
जयभीम. वि. वि.

टाळ्या पोचल्या. साडी तुझ्याकडेच ठेव, पुढच्या सत्काराला उपयोगी पडेल.

मी पेज गिळते. बोलणं फुटकं निघतं. आरशासमोर उभी राहून स्वतःचं नाव म्हणून बघते, ते धड येत नाही आणि मग रडते. हे भावनाला सांग, तू ऐकू नकोस.

विश्रांतीला सवड नाही. माझ्याबरोबर कारखान्यात होती ती चिखलोलीची विठा, तिच्या छातीत गाठ आहे. तिचा मुलगा कल्पेश म्हणतो, नव्या फ्लॅटचा ताबा मिळू दे, मग बघू. दिवसभर बिल्डरांना जमिनी दाखवत फिरतो, आईची गाठ तेवढी त्याला दिसत नाही. मला त्याच्यात तूच दिसतोस.

उद्या मी आणि संजीवनी त्याच्या घरी जातोय. ती म्हणाली, काकू, तुम्ही नुसत्या बसा, मी बोलते. मी तिला गप्प केलं. अर्धी का होईना, जीभ आहे. कल्पेशला तेवढी पुरेल.

भावनाला पोटभर माया. उरली तर तुला.

शीलाताई